दहा सेकंदांसाठीचं रोहित्र : जनित्राच्या एक्सायटेशनची दीडशे वर्षं

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, त्याला माझा इलाज नाही. पण वीजकेंद्राच्या खरेदीच्या बैठकांत एक प्रश्न हमखास येतो, आणि आजचं सगळं व्याख्यान त्या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे. जनित्राच्या रोटरला लागतात साधारण ६०० किलोवॅट. मग त्याला वीज पुरवणारं रोहित्र २००० केव्हीएचं कशाला मागता? तिप्पट? हिशेब तपासणाऱ्या माणसाला यात उधळपट्टी दिसते. विचारणाऱ्याची चूक नाही, आकडे तसेच दिसतात. उत्तर मात्र फक्त गणितात सापडत नाही. त्यासाठी १८६६ सालापर्यंत मागे जावं लागतं.

आधी शब्द पक्के करू. जनित्राच्या आत एक चुंबक फिरतो, त्याच्याभोवतीच्या स्थिर गुंडाळ्यांत वीज तयार होते. हा फिरणारा चुंबक म्हणजे रोटर. तो कायमचा चुंबक नसतो, त्याच्या गुंडाळीतून एकदिश प्रवाह सोडला की तो चुंबक होतो. या प्रवाहाला पाठ्यपुस्तकात ‘उत्तेजन’ म्हणतात आणि केंद्रावर सगळे ‘एक्सायटेशन’ म्हणतात. मी केंद्रावरचाच शब्द वापरेन. मुद्दा एवढाच, की वीज निर्माण करायला आधी थोडी वीज लागते. ती आणायची कुठून? एक्सायटेशनचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला वेळोवेळी दिलेली उत्तरं.

फॅरेडेनं १८३१ साली विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तन दाखवलं आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सीनं हातानं फिरवायचं यंत्र बनवलं. त्यात कायमचे चुंबक होते. पुढची तीसेक वर्षं लोक हेच करत राहिले. जास्त वीज हवी? नालाच्या आकाराचे आणखी चुंबक लावा. यंत्रं मणामणाची झाली, वीज मात्र बेताचीच. शिवाय धक्क्यांनी आणि उष्णतेनं हे चुंबक हळूहळू मऊ पडत.

कोंडी फोडली मँचेस्टरच्या हेन्री वाइल्डनं. त्यानं कायमच्या चुंबकांचं एक छोटं यंत्र घेतलं आणि त्यातून निघालेली वीज दुसऱ्या, मोठ्या यंत्राच्या विद्युत्‌चुंबकाला दिली. छोट्यानं मोठ्याला जागं करायचं. मोठ्या यंत्रातून इतकी वीज निघाली की लोखंडाच्या सळया वितळल्या. १८६६ साली त्याचा निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला तो खुद्द म्हाताऱ्या फॅरेडेनं. गंमत अशी, की वाइल्डच्या यंत्रातला फिरणारा भाग ज्या घाटाचा होता तो घाट वेर्नर सीमेन्सचा, १८५६ सालचा.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सीमेन्सनं पुढचा प्रश्न विचारला. ते छोटं यंत्र तरी कशाला हवं? लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतंच. यंत्र फिरवलं की त्या शिल्लक चुंबकत्वानं थोडी वीज निघते. तीच वीज यंत्राच्या स्वतःच्या चुंबकाला द्या. चुंबक थोडा बळकट होतो, वीज थोडी वाढते, चुंबक आणखी बळकट होतो. शेवटी लोखंड संपृक्त होतं आणि वाढ थांबते. डिसेंबर १८६६ मध्ये त्यानं बर्लिनच्या वैज्ञानिकांना हे यंत्र दाखवलं आणि १७ जानेवारी १८६७ रोजी तिथल्या अकादमीत त्याबद्दल निवेदन वाचलं गेलं. महिन्याभरात, १४ फेब्रुवारीला, लंडनच्या रॉयल सोसायटीत व्हीटस्टननं तीच कल्पना मांडली. त्याच बैठकीत सीमेन्सच्या भावानंही ती मांडली. व्हार्लीनं तर डिसेंबरातच पेटंटचा अर्ज टाकला होता. डेन्मार्कचा योर्थ आणि हंगेरीचा येडलिक हे दोघं त्याही आधी या कल्पनेच्या आसपास पोचले होते. श्रेय कुणाचं यावर भांडायला मला वेळ घालवायचा नाही. कल्पना हवेतच होती असं म्हणू.

आपल्या कामाचं वेगळंच आहे. या दोन वर्षांत एक्सायटेशनची दोन घराणी तयार झाली. वाइल्डचं घराणं म्हणतं, एक्सायटेशनचा स्रोत वेगळा ठेवा, मोठ्या यंत्राच्या सुखदुःखापासून लांब. सीमेन्सचं घराणं म्हणतं, यंत्रानं स्वतःच्याच कमाईतून स्वतःला पोसावं. आजपर्यंत बनलेली एक्सायटेशनची प्रत्येक पद्धत या दोघांपैकी एकाच्या घरातली आहे, किंवा दोघांच्या सोयरिकीतून आलेली.

प्रत्यावर्ती विजेची केंद्रं उभी राहिली तेव्हा राज्य आलं वाइल्डच्या घराण्याचं. कारण उघड आहे. प्रत्यावर्ती वीज रोटरला चालत नाही, तिथं एकदिशच लागते, आणि प्रत्यावर्तीची एकदिश करायला तेव्हा हाताशी सोयीचं साधन नव्हतं. मग वेगळा डायनामो ठेवायचा. आपल्याकडे १९०२ साली शिवनसमुद्रम् सुरू झालं, कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज द्यायला. १९१५ साली खोपोली सुरू झालं, मुंबईच्या गिरण्यांना. त्या पिढीच्या जलविद्युत केंद्रांत साधारण अशी रीत होती, की एक्सायटर डायनामोला स्वतःचं छोटं टर्बाइन आणि सगळ्या संचांना मिळून एक्सायटेशनची एकच सामाईक पट्टी, म्हणजे बसबार. स्वस्त आणि सुटसुटीत. दोष एकच, त्या पट्टीवर बिघाड झाला की अख्खं केंद्र आंधळं. म्हणून पुढे प्रत्येक संचाच्या शाफ्टवरच त्याचा त्याचा एक्सायटर बसवायची पद्धत पडली. शाफ्ट फिरतोय तोवर एक्सायटेशन आहे, ग्रिडवर काहीही होवो. ही खात्री लोकांना इतकी आवडली की पुढची पन्नास-साठ वर्षं कुणी तिला हात लावला नाही.

नियंत्रण मात्र सुरुवातीला माणसाच्या हातात होतं. व्होल्टमीटरकडे बघत ऱ्हिओस्टॅटचं चाक फिरवायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिरिलचा रेग्युलेटर आला. त्यात एक संपर्क सतत थरथरत राहतो आणि एक्सायटरच्या फील्डमधला रोध आत-बाहेर करतो. काही वेळ आत, काही वेळ बाहेर, आणि त्या सरासरीनं व्होल्टेज सांभाळलं जातं. आजच्या डिजिटल रेग्युलेटरचा हा पणजोबा, आणि माझ्या मते फार हुशार पणजोबा.

मग संच मोठे झाले. रोटरला लागणारी एकदिश वीज शेकडो किलोवॅटच्या पुढे गेली आणि शाफ्टवरच्या डायनामोचा कम्युटेटर कुरकुरू लागला. मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, त्यांवर कार्बनचे ब्रश, ठिणग्या, कार्बनची भुकटी. मोठ्या टर्बो संचांना गिअर लावून एक्सायटर हळू फिरवायची वेळ आली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अलेक्झांडरसनचं अँप्लिडाइन आलं, त्यानं नियंत्रण जलद केलं, पण फिरणारं यंत्र फिरणारंच राहिलं. नंतर वाट दोन्हीकडे फुटली. वाइल्डच्या घराण्यानं कम्युटेटर काढून टाकला. एक्सायटर प्रत्यावर्ती केला, डायोड शाफ्टवरच बसवले, ते शाफ्टबरोबर गरगर फिरतात, ब्रश लागतच नाहीत. हे ब्रशलेस एक्सायटेशन. आणि सीमेन्सच्या घराण्याला १९५७-५८ साली थायरिस्टर मिळाला.

थायरिस्टर म्हणजे सांगितल्याशिवाय न उघडणारा डायोड. कधी उघडायचा ते आपण ठरवायचं, म्हणजे किती एकदिश व्होल्टेज काढायचं तेही आपण ठरवायचं. आता जनित्राच्या टोकांवरूनच वीज घ्या, रोहित्रानं तिचं व्होल्टेज उतरवा, थायरिस्टरच्या पुलातून एकदिश करा, ब्रश आणि स्लिपरिंगमधून रोटरला द्या. मधे फिरणारं काही नाही. म्हणून याचं नाव स्टॅटिक एक्सायटेशन. सीमेन्सची शंभर वर्षांपूर्वीची कल्पना पुन्हा दारात उभी राहिली, फक्त हातात रोहित्र घेऊन. आणि तिच्याबरोबर तिची जुनी शंकाही आली.

शंका अशी. यंत्र स्वतःच्या कमाईवर जगतंय. जवळच्या लाइनवर शॉर्ट सर्किट झालं आणि जनित्राच्या टोकांवरचं व्होल्टेज ३० टक्क्यांवर कोसळलं, तर रोहित्रालाही ३० टक्केच मिळणार. ज्या क्षणी रोटरला सगळ्यात जास्त जोर हवा, नेमक्या त्याच क्षणी एक्सायटेशन उपाशी. शाफ्टवर एक्सायटर असलेल्या घराण्याला ही अडचण नव्हतीच. ही शंका पोकळ नव्हती, आणि काही निर्मात्यांनी तिच्यावर उपाय म्हणून व्होल्टेजबरोबर जनित्राच्या प्रवाहाकडूनही वीज घेणारी संयुक्त रचना केली. शॉर्ट सर्किटमध्ये व्होल्टेज पडतं पण प्रवाह वाढतो, तो वापरायचा. चांगली कल्पना, पण सामान वाढतं.

मग साधं रोहित्र जिंकलं कसं? माझ्या मते याचं श्रेय सर्किट ब्रेकरला द्यायला हवं, आणि इतिहासात ते फारसं दिलं जात नाही. दोष तुटायला सेकंदभर लागत असेल तर ती शंका जीवघेणी आहे. पण ब्रेकर आणि रिले जलद होत गेले, आणि मोठ्या लाइनवरचा दोष ०.१ सेकंदाच्या आसपास तुटू लागला. उलट रोटरच्या फील्डचं चुंबकत्व उतरायला सेकंद लागतात. इतक्यात ते कुठे जात नाही. म्हणजे दोष चालू असतानाच्या उपासमारीनं फारसं बिघडत नाही. खरी परीक्षा दोष तुटल्यानंतर. तेव्हा व्होल्टेज ८० टक्क्यांपर्यंत परतलेलं असतं, संच मागेपुढे झोके घेत असतो, आणि पुढच्या काही सेकंदांत फील्ड जोरात वर न्यावं लागतं. रोहित्राचं माप ठरतं ते या काही सेकंदांवरून.

आता फळ्यावर हिशेब मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण खऱ्या मध्यम आकाराच्या संचाला शोभतील असे. पूर्ण भारावर रोटरला ३०० व्होल्ट आणि २००० अँपिअर लागतात. ६०० किलोवॅट झाले. खरेदीदाराची अट अशी, की गरज पडल्यास १० सेकंद दुप्पट मिळालं पाहिजे, म्हणजे ६०० व्होल्ट, आणि तेही टोकांवरचं व्होल्टेज ८० टक्के असताना. याला सीलिंग म्हणतात. थायरिस्टर एकातून दुसऱ्यावर जाताना रोहित्राच्या प्रतिघातामुळे काही व्होल्टेज गळतं, दुप्पट प्रवाहाला ते ६० धरू. झाले ६६०. हे ८० टक्क्यांत मिळवायचं, म्हणून ८२५. थायरिस्टर शून्य अंशाला उघडत नाहीत, थोडा कोन राखावा लागतो, म्हणून सुमारे ८४०. तीन फेजच्या पुलात एकदिश व्होल्टेज हे लाइन व्होल्टेजच्या १.३५ पट. भागलं की रोहित्राचं दुय्यम व्होल्टेज आलं सुमारे ६२० व्होल्ट.

आता प्रवाह. थायरिस्टर दहा सेकंदांतही तापून जळतो, त्याचा जीव छोटा, म्हणून तो दुप्पट प्रवाहाला मापावा लागतो. रोहित्रात तांबं आणि लोखंड भरपूर असतं, दहा सेकंदांत त्याला फार काही होत नाही. त्याला सतत चालणारा प्रवाह धरायचा, वर १० टक्के, २२०० अँपिअर. केव्हीए म्हणजे २ चं वर्गमूळ गुणिले ६२० गुणिले २२००, हजारानं भागून. सुमारे १९३०. बाजारात २००० केव्हीए.

बघा काय झालं. व्होल्टेज घेतलं वाईट दिवसाचं, प्रवाह घेतला रोजचा, आणि दोघांचा गुणाकार केला. वाईट दिवशी लागणारं व्होल्टेज रोज वापरात नसतं, पण रोहित्राच्या इन्सुलेशनला आणि लोखंडाला ते रोज वागवावं लागतं. रोज काय होतं? थायरिस्टर सदुसष्ट अंशांपर्यंत थांबून उघडतात, म्हणजे मिळणाऱ्या व्होल्टेजचा बराचसा भाग सोडून देतात. रोहित्रातून केव्हीए जातात १७५० आणि किलोवॅट फक्त ६००. पॉवर फॅक्टर ०.३५ च्या आसपास. वीज बिलाच्या नजरेनं बघितलं तर लाजिरवाणी गोष्ट. म्हणून मघाचा तो उधळपट्टीचा प्रश्न येतो. सीलिंगची अट दुपटीवरून दीडपटीवर आणा, रोहित्र लगेच लहान होईल. तो निर्णय ग्रिडचा अभ्यास करणाऱ्यानं घ्यायचा असतो, खरेदी विभागानं नव्हे. हे मी जरा जोर देऊनच सांगतो.

केव्हीए काढला म्हणजे काम संपलं असंही नाही. थायरिस्टरचा पूल साइन लहर ओढत नाही, चौकोनी ठोकळे ओढतो. त्यातून पाचवी, सातवी, अकरावी, तेरावी हार्मोनिक येतात, आणि गुंडाळीतले भोवरी प्रवाह वारंवारितेच्या वर्गानं तापवतात. साधं वितरणाचं रोहित्र उचलून इथं लावलं तर नेमप्लेटवरचा भार त्याला झेपणार नाही. दोन गुंडाळ्यांच्या मधे जमिनीला जोडलेला पडदा लागतो, नाहीतर वरच्या बाजूचे व्होल्टेजचे फटके थेट थायरिस्टरवर येतात. प्रतिघात किती ठेवायचा ही तर कायमची ओढाताण. जास्त ठेवला तर पुलातल्या शॉर्ट सर्किटला आळा बसतो, पण सीलिंगचं व्होल्टेज गळतं. आणि जोडणी होते जनित्राच्या बस डक्टवर, बहुतेकदा मधे ब्रेकर न ठेवता. मोठ्या संचावर तिथला शॉर्ट सर्किट प्रवाह लाख अँपिअरच्या घरात जातो. म्हणून पुष्कळ ठिकाणी तीन वेगवेगळी एका फेजची रोहित्रं बसवतात, तेल न घालता रेझिनमध्ये ओतलेली, म्हणजे एका फेजचा दोष दुसरीपर्यंत पोचत नाही आणि आगीची भीतीही कमी.

इथपर्यंत ऐकून वाटेल की जितकं जलद आणि जितकं ताकदवान तितकं चांगलं. साठच्या दशकात पुष्कळांना तसंच वाटत होतं. त्याला मोठी दुरुस्ती केली १९६९ सालच्या एका निबंधानं, लेखक डिमेलो आणि कॉनकॉर्डिया. यातल्या फ्रान्सिस्को पॉल डिमेलोंचा जन्म आपल्या गोव्यातला, शिक्षण एमआयटीचं. त्यांनी दाखवलं, की जलद रेग्युलेटर जनित्राला ग्रिडशी घट्ट बांधून ठेवतो खरा, पण विशिष्ट परिस्थितीत झोके शांत करण्याऐवजी वाढवतो. झोपाळ्याला धक्का बरोबर वेळेला दिला तर तो थांबवता येतो, आणि जरा उशिरा दिला तर तोच धक्का झोका वाढवतो. रेग्युलेटर आणि फील्ड यांच्यामधल्या उशिरामुळे नेमकं हेच घडतं. उपाय म्हणून रेग्युलेटरला झोक्याची वेळ सांगणारा एक जादा संकेत देतात, तो पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००७ च्या ग्रिडजोडणीच्या नियमांत १०० मेगावॅट आणि वरच्या संचांना दोन स्वतंत्र चॅनलचा डिजिटल रेग्युलेटर आणि हा स्टॅबिलायझर आवश्यक केला आहे.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर १० ऑगस्ट १९९६ ची दुपार बघा. अमेरिकेचा पश्चिम किनारा, कडक उन्हाळा, दक्षिणेकडे प्रचंड वीज चाललेली. ओरेगॉनमध्ये कीलर ते ऑलस्टन ही ५०० केव्हीची लाइन तापून झुकली आणि झाडाला लागली. भार दुसऱ्या लाइनींवर गेला, व्होल्टेज खाली आलं. कोलंबिया नदीवरच्या मॅकनॅरी केंद्रातल्या जनित्रांनी ते सावरायला फील्ड वर नेलं. त्यांनी तेच करायचं होतं. पण फील्डचं व्होल्टेज उंचावलेलं असताना एक्सायटरमधले फेजचा असमतोल पाहणारे संरक्षक रिले फसले आणि त्यांनी संच बंद करायला सुरुवात केली. एकामागून एक, १३ संच. झोके वाढत गेले, ही लाइन पडल्यापासून सहाएक मिनिटांत पश्चिमेच्या ग्रिडचे तुकडे झाले आणि सुमारे ७५ लाख ग्राहक अंधारात गेले.

यात रोहित्राचं माप चुकलं होतं असं मी म्हणत नाही. मला दाखवायचंय ते हे, की सीलिंग विकत घेणं आणि सीलिंग वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोहित्र दुपटीचं घेतलं, पण त्याच्यावरचा ओव्हरकरंट रिले दीडपटीला लावला, तर दहा सेकंदांची अट दुसऱ्याच सेकंदाला मोडते. रिले लावणारा आणि रोहित्र मापणारा हे बहुधा दोन वेगळ्या विभागांत बसतात, महिनोन्‌महिने एकमेकांना भेटत नाहीत. उलट बाजूही आहे. दोष रेंगाळला तर स्वतःवर पोसलेल्या जनित्राचा दोषप्रवाह हळूहळू उतरत जातो, इतका की साधा बॅकअप रिले त्याला दोष म्हणून ओळखतच नाही. म्हणून तिथं व्होल्टेजवर नजर ठेवणारा रिले लावावा लागतो.

आपल्या देशात दोन्ही घराणी नांदतात. भेलचे रशियन वळणाचे २१० मेगावॅटचे अनेक संच स्टॅटिकवर, तर जर्मन वळणाचे ५०० मेगावॅटचे अनेक संच ब्रशलेसवर. कोणतं चांगलं हे विचारलंत तर मी जलविद्युतला डोळे मिटून स्टॅटिक म्हणेन. थायरिस्टरचा पूल उलटं व्होल्टेज देऊन फील्ड झटकन उतरवू शकतो. भार अचानक सुटल्यावर वेग घेणाऱ्या जलविद्युत संचाला त्याची फार गरज असते, आणि फिरत्या डायोडांना ते जमत नाही. औष्णिक संचांबाबत मी इतका ठाम नाही. ब्रशची झीज, भुकटी, स्लिपरिंगची देखभाल हा खर्च कमी नसतो.

एक गोष्ट राहिली. हे २००० केव्हीएचं रोहित्र संच थांबलेला असताना निरुपयोगी असतं. टोकांवर व्होल्टेज नाही, तर ते उतरवणार काय? सीमेन्सच्या यंत्राला लोखंडातलं शिल्लक चुंबकत्व पुरत होतं. आपल्या पुलाला ते पुरत नाही, कारण थायरिस्टर चालू व्हायला आणि राहायला काही किमान व्होल्टेज आणि प्रवाह लागतो. मग केंद्राच्या बॅटरीतून रोटरला काही सेकंद प्रवाह देतात, याला फील्ड फ्लॅशिंग म्हणतात. व्होल्टेज थोडं उभं राहिलं की रोहित्र आणि पूल सूत्रं घेतात आणि बॅटरी बाजूला होते. ग्रिड पूर्ण कोसळल्यावर सगळ्यात आधी जागी होतात ती जलविद्युत केंद्रं, आणि त्यांची सुरुवात या बॅटरीपासून होते. तेव्हा केंद्र बघायला गेलात तर ते मोठं रोहित्र बघाच, पण बॅटरीच्या खोलीतही डोकावा, आणि ती शेवटची कधी तपासली तेही विचारा.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.